फ्रिजवाला उमेदवार आणि डोंगरावरची वाट

मतदार हा लोकशाहीचा पाया असतो, असं मी रहिमतपूरच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं. वैशाखात हा पाया कोकणात चरायला गेलेला असतो, हे मात्र पुस्तकात नव्हतं.

शाळेतून मोकळा झाल्यावर मी लोकांचे अर्ज लिहून देऊ लागलो. त्यात आमच्याकडचा एक मेंढपाळ कायमचा चिकटला. दिवाळीनंतर इथली मेंढपाळ कुटुंबं कळप घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांची डोंगरावरची जुनी वाट कुठल्याशा खात्यानं तारा ठोकून बंद केली होती. एका दिवसाच्या वाटेला आता डांबरी रस्त्यानं चार दिवसांचा वळसा पडे, आणि दरसाल काही मेंढरं ट्रकखाली जात. ती वाट उघडावी, एवढंच त्याचं मागणं. माझे अर्ज घेऊन तो तालुका, जिल्हा, मुंबई करून आला. शेवटी एका साहेबानं सांगितलं, हा विषय दिल्लीचा.

"मग दिल्लीलाच जातो की. लोकसभेचा फारम भरा, गुरुजी."

"अरे बाबा, तो अर्ज नव्हे, निवडणूक आहे!"

"आजवरच्या अर्जांनी तरी काय झालं?"

मी फॉर्म भरला.

त्याला चिन्ह मेंढीचं हवं होतं. जनावरं चालत नाहीत असं कळलं आणि वाट्याला फ्रिज आला. "पालावर इजंचा दिवा न्हाई, आन् म्हणं फ्रिज!" असं म्हणत त्याची बायको पोट धरधरून हसली. बाजारात लोक विचारत, "आत काय ठिवलंय गड्या?" तो गंभीरपणे सांगे, "आश्वासनं. नासायची न्हाईत."

त्याची सगळ्यात मोठी सभा आष्ट्यात झाली. तिथल्या शेतांत खतासाठी त्याची मेंढरं वर्षानुवर्षं बसतात, त्यामुळं झाडून सगळे आले. सगळ्यांनी हात वर केले. मीही भारावून भाषण ठोकलं. परतताना मला आठवलं, की आष्टा आमच्या मतदारसंघात येत नाही.

"जितं मेंढरं बसत्यात ती आपलीच मानसं," तो म्हणाला. त्याचा नकाशा असाच होता.

मतदानाला चार दिवस उरले तेव्हा मी विचारलं, "तुझे खरे मतदार कुठं आहेत?"

"समदी कोकणात." मग त्याचंच तोंड उघडं राहिलं.

फोन गेले. पण मेंढरं सोडून कोण येणार? म्हणून सगळे मेंढरांसकट निघाले. तारांमुळं डांबरी रस्त्यानं.

मतदान सहाला संपलं. साडेसहाला फाट्यावर आधी धूळ दिसली, मग आवाज आला, मग रस्ताच दिसेनासा झाला. शेकडो मेंढरं, घोडी, कुत्री, घोड्यांवर कोंबड्या, आणि हातात मतदार ओळखपत्रं नाचवणारी म्हातारी माणसं. एक आजीबाई ओरडत होत्या, "बटन कुठं हाय रं?" आम्ही दोघं रस्त्याकडेला बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.

त्याच वेळी समोरून मोठ्या पक्षाच्या उमेदवाराचा ताफा आला. वीस गाड्यांनी भोंगे वाजवले. मेंढरांना ताफा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. शेवटी पांढऱ्या शुभ्र कपड्यांतले उमेदवार खाली उतरले आणि एका मेंढ्यानं त्यांच्या गळ्यातला हार खायला घेतला.

"ही मेंढरं रस्त्यावर का?" त्यांनी खडसावलं.

"वरची वाट बंद हाय, सायब," आमचा उमेदवार म्हणाला. "उघडी आसती तर ही समदी परवाच पोचली आसती, आन् तुमी पडला आसता."

साहेब अर्धा तास तिथंच उभे होते. त्यांना विचार करायला तेवढा वेळ पुरला असावा.

ते निवडून आले. पुढच्या दिवाळीआधी तारा निघाल्या आणि डोंगरावर ऐसपैस फाटक बसलं. फीत कापली गेली, मेंढरं उड्या मारत पलीकडं गेली, आणि 'माजी लोकसभा उमेदवार' म्हणून त्याला खुर्ची मिळाली. ती त्यानं मला दिली आणि तो कळपामागं धावला.

फाटकावर खात्याची नेहमीची पाटी आहे: जनावरांना प्रवेश बंद.