हाताचा रंग

भूकंपात आई गेली तेव्हा मी लातूरला वसतिगृहात होतो. घरातले फोटोही ढिगाऱ्यात गेले.

पुढे लातुरात गल्लोगल्ली कोचिंग क्लास झाले, त्या काळात मामाच्या लग्नाची कॅसेट सापडली. तिच्यात आई होती, पण रंग उडून निळसर दिसत होती. तो रंग कॉम्प्युटरवर दुरुस्त करायचा म्हणून मी स्वस्तातला मॉनिटर शोधत एका दुकानात गेलो. क्लासवाल्यांनी काढून टाकलेले मॉनिटर तिथे मिळायचे.

दुकानदाराने एक लावून दाखवला. "घ्या सर, लई चमकतो."

"चमकून काय करता? सगळ्यांना गोरं करून राहिला हा," शेजारी उभी असलेली बुरख्यातली बाई म्हणाली. उदगीरला ती घरीच लग्नाचे व्हिडिओ तयार करायची.

"आपा, माझं गिऱ्हाईक तोडू नका!"

ती हसली. तिने पर्समधून पेनड्राइव्ह काढला. त्यात तिच्याच हाताचं चित्रण होतं. एकेका मॉनिटरवर ते लावून ती पडद्याशेजारी आपला हात धरायची आणि मान हलवायची. कोपऱ्यातल्या एका मंद, सगळ्यांत स्वस्त मॉनिटरवर दोन्ही हात सारखे दिसले.

"हा न्या."

"पण आईचा रंग मला नीट आठवत नाही," मी म्हणालो.

"तुम्ही अम्मीवर गेलात का?"

"रंगानं तरी तिच्यावरच, असं सगळे म्हणायचे."

"मग तुमचाच हात धरा की."

मी आभार मानले. नाव विचारायचं राहिलं.

आता त्या लग्नात आई अक्षता वाटते, आणि तिचा हात माझ्या हाताइतका सावळा आहे.