इम्पाला की फेअरलेन?

वाडीतल्या मंडळींनो, फळ्यावर उद्याच्या मोर्च्याची सूचना आहे. तिच्याखालीच आजचं लिहितोय. वाचल्याशिवाय जिना चढू नका.

मी गॅरेजात फिटर आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. सकाळी एक शेठ दोन अमेरिकन गाड्या घेऊन आले, इम्पाला आणि फेअरलेन. म्हणाले, "दोघींत पिकप कुणाचा जास्त, ते बघून सांगा."

अहो, ह्यावरून माझं नि जोडीदार दत्तूचं वर्षभर भांडण चाललंय! मी इम्पालावाला, तो फेअरलेनवाला. चौपाटीच्या रस्त्यावर दिव्याच्या खांबापाशी दोन्ही उभ्या केल्या आणि एकदम सोडल्या. तिसऱ्या खांबाला इम्पाला अख्खी गाडीभर पुढे. मी ओरडलोच.

शेठ खूश. "उभ्या जागेवरून एवढी उचलते? मग उद्या हीच. पुढचा बंपर किती सोसेल?"

मी फुशारकीनं म्हटलं, "हातगाडी उडवलीत तरी पोचा पडायचा नाही."

"हातगाडी नाही रे," ते हसले. "ऑफिस गाठायचंय. रस्त्यात मोर्च्याची तुमचीच माणसं असणार."

दत्तूनं माझ्याकडे पाहिलं. दुपारभर मीच कार्बुरेटर साफ केला आणि संध्याकाळी चावी हातात दिली. तुम्ही काय केलं असतं?

उद्या पोराबाळांना मधोमध ठेवा. मागून इंजिन गुरगुरलं, तर वळून बघत बसू नका, बाजूला व्हा.

इम्पालाला थांबायला किती जागा लागते, ते शेठनी विचारलंच नाही. मीही सांगितलं नाही.