सहावा पाट

"इतक्यात न्हाय."

आप्पा एवढेच बोलायचे आणि डग्ग्यावरचा डावा हात चार बोटे वर उचलून धरायचे. तंबूतल्या अंधारात, कंदिलाच्या बारक्या उजेडात तो हात वर दिसला की मी तोंड मिटायचे, असा आमचा करार होता. करार कसला, त्यांचा हुकूमच. मी सिनेमात पाट्या वाचत असे म्हणून लोक मला मास्तर म्हणत. आप्पाही म्हणत, पण लगेच पुढे 'रं' लावून दिलेली पदवी काढून घेत. "मास्तर, इतक्यात न्हाय रं."

त्या काळी चित्रे बोलत नसत. मध्येच पडद्यावर मजकुराची पाटी येई, आणि तंबूत ती वाचू शकणारे मोजकेच. बाकीच्यांसाठी ती मोठ्याने वाचायची, आधी मराठीत आणि मग जमेल तशी कानडीत, हे माझे काम. दिवसा मी शहापुरात एका साड्यांच्या दुकानात कारकुनी करी. आप्पा वडगावचे विणकर. दिवसभर माग चालवायचे आणि संध्याकाळी तबला-डग्गा फडक्यात गुंडाळून बेळगावच्या तंबूत हजर व्हायचे. पडद्यावर लग्न लागले की केरवा, मारामारी लागली की द्रुत, कुणी मेले की एकदम संथ. असे तबलजी तेव्हा गावोगाव होते, त्यात नवल नव्हते.

नवल होते ते त्यांच्या बसण्यात. सगळे तबलजी पडद्याकडे बघून वाजवत. आप्पा पडद्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून बसत. आमच्या मालकांना पहिल्या दिवशी वाटले, माणूस डोक्याने जरा हललेला असावा. त्यांनी विचारले, तेव्हा आप्पा म्हणाले, "पडद्यावर काय बघायचं मालक? त्यो उद्याबी त्योच असनार. लोक रोज नवं असत्यात."

तुम्ही विचाराल, मग पडद्यावर काय चालले आहे ते त्यांना कळे कसे? नवे चित्र आले की खेळाआधी यंत्रवाला आम्हा दोघांसाठी पहिले रीळ फिरवून दाखवी. मी वहीत पाट्या उतरवून घेई. आप्पा ते रीळ तीन-तीनदा बघत, लहान मुलासारखे तोंड उघडे टाकून. पुढची रिळे बघायची त्यांना गरज वाटत नसे. "नवी सून उंबरा कसा वलांडती ते नीट बघावं. म्होरलं बारा म्हयनं कसं जानार ते तितंच कळतंय." पुढचे सगळे ते लोकांच्या तोंडावरून ओळखत, आणि क्वचितच चुकत.

भुताची चित्रे त्यांच्या विशेष आवडीची. स्वतः मात्र पक्के भित्रे. खेळ सुटल्यावर वडगावच्या वाटेवर एक चिंच होती, तिथे आली की ते मला पुढे घालीत. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "हास, हास. ज्येला भ्याच वाटत न्हाय, त्येनं भुताच्या चित्राला काय वाजवावं?" आणि चिंच मागे पडेपर्यंत मोठमोठ्याने अभंग.

भीती कशी घालावी याचे त्यांचे एक शास्त्रच होते. दुसरे तबलजी भुताचे चित्र सुरू झाले की पहिल्यापासून डग्गा घुमवायला लागत. आप्पांना ते मुळीच खपत नसे. "आदीच बोंब मारली तर लोक सावध हुत्यात. त्येंस्नी निवांत बसू दे. आपल्याच घरात बसल्यागत वाटू दे. मंग एकच गोष्ट अशी दाखवायची की जी बरुबर न्हाय. आन् ती बरुबर न्हाय हे आपण सांगायचं न्हाय." मागावरचा ताणा, म्हणजे उभे सूत, फार सैल ठेवला तर कापड उठत नाही आणि फार ओढला तर सूत तुटते, तसेच हे, असे ते म्हणत. मी मान हलवी. मला तेव्हा त्यातले अर्धेही कळले नव्हते.

मग ते चित्र आले, ज्याला आम्ही आपसात सहाव्या पाटाचे चित्र म्हणत असू.

सुरुवात अशी. साधे स्वयंपाकघर. सासू जेवणाचे पाट मांडते. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. ताटे येतात. घरची माणसे येऊन बसतात. माणसे पाच. सहावा पाट रिकामा. सासू त्याही ताटात भात वाढते, वरण वाढते, वर तुपाची धार धरते. पाटाकडे कुणी बघत नाही, कुणी काही विचारत नाही. सगळे खाली मान घालून जेवतात. आणि मग पाटी येते, 'आज गुढीपाडवा. घरात आनंदी आनंद.'

रीळ बघून मी म्हणालो, "आप्पा, यात भूत कुठे आहे? लोक कंटाळतील."

"सा पाट हाईत रं मास्तर. मानसं पाच."

"मग ते मी आधीच सांगू का?"

"आजिबात न्हाय. त्येंचं त्येंस्नी मोजू दे. तू मोजून दिलंस तर त्येंच्या हातात काय ऱ्हायलं?"

पहिल्या खेळाला आप्पा डग्ग्यावरचा हात उचलून गप्प बसले. तंबूत नुसता यंत्राचा आवाज आणि लोकांचा गलका. सासू तूप वाढू लागली तसा गलका आपोआप कमी झाला, आणि बायकांच्या बाजूने कुणीतरी हळूच म्हणाले, "म्हाळ असंल गं." सगळ्यांना हायसे वाटल्याचे मला ऐकू आले. आमच्याकडे पितृपक्षात म्हाळ घालतात तेव्हा गेलेल्या माणसाच्या नावाने एक पान जास्त वाढतात, हे घरोघर ठाऊक. म्हणजे कोडे सुटले. तेवढ्यात पाटी आली, आप्पांचा हात खाली आला आणि मी वाचले, "आज गुढीपाडवा."

पाडव्याला म्हाळ कोण घालतो? अख्खा तंबू गार पडला. मग आप्पांनी डग्ग्यावर तळव्याने एकच थाप दिली, ती पण हलकी. पुढच्या रांगेतल्या लोकांनी खाली सोडलेले पाय वर ओढून घेतले. भूत अजून तीन रिळे लांब होते.

बेळगावात ते चित्र महिनाभर चालले. मग मालकांनी तंबू संकेश्वरला नेला. आम्ही दोघेही बरोबर गेलो. आप्पांनी माग भावाच्या हाती सोपवला होता. मला तर दुकानातून त्याच महिन्यात काढले होते, त्यामुळे तंबूतल्या कामावाचून मला दुसरे काहीच उरले नव्हते. हे आप्पांना मी वाटेतच सांगितले होते.

संकेश्वरला प्रेक्षक बहुतेक कानडी. माझी कानडी बाजारापुरती. आप्पा म्हणाले, "तू पाडव्याची पाटी तेवढी सांग आन् बाकीच्या येळंला गप ऱ्हा. बघू दे त्येंस्नी." मी गप्प राहिलो. चित्र असे रंगले की मालकांनी आप्पांच्या पाठीवर थाप मारली. माझ्याकडे कुणी पाहिलेही नाही. खरे सांगतो, मला ते फार लागले. माझ्या आवाजावर तंबू चालतो असे मी घरी सांगत असे, आणि इथे माझ्या गप्प राहण्यावर तो जास्त बरा चालला होता. आज हसू येते, पण तेव्हा दोन दिवस मी आप्पांशी धड बोललो नाही. त्यांनी आपल्या भाकरीतली अर्धी माझ्यापुढे सरकवली, ती मी खाल्ली आणि तरी बोललो नाही.

तिथून निपाणी. तंबाखूच्या वखारीतली माणसे, बायका, सगळे पहिल्याच खेळाला लोटले. पुढे खुर्च्यांवर गावातले बडे व्यापारी. मालक दारात हात चोळत उभे. चित्र सुरू झाले, पाट मांडले गेले, आप्पांचा हात वर. निपाणीकर जरा मोकळ्या तोंडाचे. कुणी शीळ घातली. खुर्चीतला एक जाडजूड व्यापारी मोठ्याने म्हणाला, "म्हाळ हाय वाटतं! आमास्नीबी वाढा की!" थोडे लोक हसले.

घटकाभर थांबलो असतो तर पाडव्याची पाटी आली असती आणि त्या व्यापाऱ्याच्या तोंडचे पाणी पळाले असते. पण मला वाटले, लोकांचा गैरसमज झाला, तो दूर करणे माझे काम. शिवाय बड्या लोकांपुढे आवाज दाखवायची संधी. आप्पांचा हात वर होता. तो मी पाहिला आणि तरी बोललो.

"मंडळी, हा म्हाळ नव्हे! आज पाडवा आहे! सहावा पाट मेलेल्या धाकट्या सुनेचा आहे, आणि तिचं भूत अजून या घरात जेवतं!"

मग मागून आवाज आला, "मंग वाढा की तिला पोटभर, उपाशी हाय बिचारी!"

हसण्याने तंबू फुटायचा बाकी राहिला. त्यानंतर ते चित्र भुताचे राहिलेच नाही. चौथ्या रिळात पांढऱ्या लुगड्यात सून आली तर बायका ओरडल्या, "जेवलीस काय गं?" आप्पा जीव तोडून वाजवत होते, पण हसणाऱ्या लोकांपुढे तबल्याचे काय चालणार? त्यांचे तोंड लोकांकडेच होते. प्रत्येक हसणारा चेहरा त्यांना बघावा लागला.

खेळ संपल्यावर मालक लाल होऊन आले. दारात उभे असल्यामुळे नेमके काय झाले ते त्यांना कळले नव्हते. "लोक हसले का?" त्यांनी मला विचारले.

मी म्हणालो, "तबला वेळेवर पडला नाही, मालक."

आप्पा शेजारीच बसून तबला फडक्यात बांधत होते. त्यांनी मान वर करून माझ्या तोंडाकडे पाहिले, पुष्कळ वेळ. मग मालकांना म्हणाले, "व्हय मालक. हात चुकला."

दुसऱ्या दिवशी ते बेळगावला परत गेले. मालकांनी एका पेटीवाल्याला आणले. आप्पा असे का बोलले, हे मी त्यांना कधी विचारले नाही, कारण उत्तर मला ठाऊक होते. त्यांना माग होता. मला काही नव्हते.

एवढ्यावर भागले असते तरी मी स्वतःची समजूत घातली असती. पण मालक बाजारात सांगत सुटले की तबलजी खेळात झोपला आणि चित्र बुडाले. ते बोलणे वडगावात पोचले. वडगावच्या भजनात वीस वर्षे आप्पांचा तबला होता. मंडळींनी आधी चेष्टा केली, मग त्यांच्या शेजारी दुसरा माणूस बसवला, मग त्यालाच बसवले. शिकायला येणारी दोन पोरेही यायची बंद झाली. मला हे सगळे कळत होते. एक दिवस भजनात जाऊन खरे सांगायचे, एवढेच करायचे होते. आज जाऊ, उद्या जाऊ करीत मी निपाणीहून चिकोडी, तिथून कोल्हापूर असा तंबूबरोबर फिरत राहिलो.

मग बोलपट आले आणि पाट्या वाचणाऱ्याची गरज संपली. मी परत शहापुरात एका दुकानात लागलो आणि एका दुपारी मनाचा हिय्या करून वडगावला गेलो. आप्पा मागावर होते, केस पिकले होते. मला बघून एवढे खूश झाले की मी आणलेले शब्द बाजूलाच राहिले.

"मास्तर, बोलपटात भूत येताना आदी काय वाजवत्यात रं?"

"सगळंच वाजवतात आप्पा. पहिल्यापासून. सारंग्या काय, नगारे काय."

"म्हंजे आदीच सांगून टाकत्यात." ते हळहळले. "पाट मोजायला सवडच देत न्हाईत लोकांस्नी."

"चला की एकदा बघायला. मी घेऊन जातो."

"न्हाय बा. पडद्याकडं तोंड करून बसल्यावर मला काय दिसनार?"

मी म्हणालो, "आप्पा, त्या निपाणीच्या खेळाला..." त्यांनी मागाचा धोटा हातात घेतला आणि म्हणाले, "तुझं पोरगं कितवीत हाय आता?" मग मी पोराच्या शाळेबद्दल बोललो. त्यांनी मला वाचवले असे मला वाटले, आणि मी वाचवून घेतले. पुन्हा येतो म्हणालो. तीन वर्षे गेलो नाही.

त्यांना ताप आला आणि चार दिवसांत ते गेले, हे मला दुकानात आलेल्या एका विणकराकडून कळले. दहावा होऊन गेला होता. मी गेलो. आक्का, म्हणजे त्यांची बायको, ओसरीत सूत भरत बसल्या होत्या. माग बंद होता. तिथे बसून मी सगळे सांगितले, हात वर होता इथपासून 'हात चुकला' इथपर्यंत. मध्ये थांबलो नाही. इतकी वर्षे दुसऱ्यांच्या पाट्या वाचल्या, पण एवढे सलग कधी बोललो नव्हतो.

आक्कांनी हातातले काम न थांबवता ऐकून घेतले.

"मला म्हायीत हुतं," त्या म्हणाल्या. "तीस वरसं ह्या घरात त्येंच्या मागाचा ठोका ऐकला मी. एकदाबी मागंम्होरं झाला न्हाय. त्यो हात चुकंल व्हय?"

मी मान खाली घातली.

"ह्ये तिकडं भजनात सांगायचं हुतं, भाऊ. त्ये असताना. मला सांगून काय उपेग? मी कवा खरं मानलं हुतं?"

त्यांनी उठून चहा ठेवला. तो मी प्यालो आणि घरी आलो.