गुढियारीचे शंभर टक्के

आमची कंपनी मालवाहतुकीची. हेड ऑफिस रायपुरात तेलीबांध्याला, सगळं काचेचं, आणि एसी इतका गार की मे महिन्यात मी स्वेटर घालून बसते. गोदामं शहरातल्याच गुढियारीपासून जगदलपूर-अंबिकापूरपर्यंत पसरलेली. सगळ्यांच्या मोबाइलवर सूचना पाठवायच्या आणि कोणी वाचल्या ते बघायचं, हे माझं काम. सूचनेखालचं ‘पढ़ लिया’ दाबलं की माझ्या स्क्रीनवर त्या नावापुढची लाल खूण हिरवी होते. माणसं हिरवी करणं, एवढंच माझं करिअर.

अंबिकापूरवाले दोन दिवस लावत. जगदलपूरचा मॅनेजर आधी फोन करून विचारायचा, “दीदी, इसमें लिखा क्या है?” गुढियारी मात्र पाच मिनिटांत हिरवीगार. ड्रायव्हर, हमाल, सगळे. साहेब मीटिंगमध्ये बाकीच्यांना सुनवायचे, “गुढ़ियारी से सीखो कुछ!” आणि मी मान डोलवायचे, जणू त्यांना शिस्त मीच लावली.

मग ड्रायव्हरांसाठी डोळे तपासणीचं शिबिर ठरलं. शनिवारी, गुढियारीच्या गोदामात; तिथे ते सगळ्यांना तोंडीच सांगितलं होतं. डॉक्टरांना जमेना, म्हणून ते शुक्रवारी तेलीबांध्याला हलवलं. मी झोकात सूचना लिहिली. पहिल्या चार ओळी नुसता थाट, दिवस आणि जागा पाचवीत. गुढियारी नेहमीसारखी हिरवी झाली. शुक्रवारी डॉक्टर अक्षरांचा तक्ता टांगून बसले, पण तिथून एकही माणूस आला नाही. वेळ जावा म्हणून त्यांनी माझेच डोळे दोनदा तपासले.

शनिवारी सकाळी गुढियारीहून फोन आला. “दीदी, डॉक्टर कहाँ हैं? सब नहा-धोकर बैठे हैं.”

साहेब माझ्याकडे बघत राहिले. “सबने पढ़ा है न?”

मी स्कूटी काढली. पोचेपर्यंत सगळे कंटाळून माल चढवायला लागले होते.

गोदामाच्या गेटवर पन्नाशी उलटलेली एक गार्ड बाई खाकी शर्ट घालून बसली होती. तिच्यासमोर प्लास्टिकच्या क्रेटमध्ये सगळ्यांचे फोन. माल चढवताना फोन जवळ ठेवायचा नाही, असा नियम होता; त्याची सूचनाही मीच पाठवलेली. मला शंका आली. तिथेच उभं राहून मी एक खोटी सूचना सोडली. क्रेट टिंगटिंग वाजू लागली. कंपनीचेच फोन, कोणालाच लॉक नाही. बाईने एकेक उचलला, अंगठा दाबला, परत ठेवला. शेंगा निवडाव्यात तसं.

“हे काय करून राहिल्या तुम्ही?” माझ्या तोंडून मराठीच निघालं.

“मराठी आहेस का वो? ये, बस.” तिने स्टूल सरकवलं. “हे दाबल्याबिगर त्याची टिंगटिंग थांबत नाही. डोकं उठते माहं.”

“पण मावशी, वाचता तरी का?”

“मी काहून वाचू? मले थोडी पाठवलं?”

“ज्यांना पाठवलं ते?”

“ते पोते उचलून राहिले.”

मी तावातावाने माझी सूचना उघडून तिच्यापुढे धरली. तिने फोन लांब नेला, जवळ आणला, पुन्हा लांब नेला. मग हळूच म्हणाली, “मुंग्या दिसतात, पोरी.”

माझा राग तिथेच निवला. शिबिराच्या यादीत नुसते ड्रायव्हर होते. गेटवर बसणाऱ्या बाईलाही डोळे असतात, हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

डॉक्टरांना फोन करून चूक माझी असल्याचं कबूल केलं. त्यांनी मनसोक्त झापलं आणि मंगळवारी येतो म्हणाले. यादीत ड्रायव्हर म्हणून मावशीचं नाव मीच घुसवलं. त्या दिवशी सगळ्यात जुन्या ड्रायव्हरने तक्ता टांगायच्या आधीच अक्षरं म्हणायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं पाठच होती. डॉक्टरांनी दुसरा तक्ता काढला. गडी जुनीच अक्षरं म्हणत राहिला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू! ऑपरेशनपर्यंत त्याची गाडी बंद केली, म्हणून त्याने मला अस्सल छत्तीसगढीत शिव्या घातल्या. ऑपरेशन झाल्यावर बायकोच्या हाती मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगांची जुडी पाठवली.

मावशीला चष्मा लागला, आणि माझे हाल सुरू झाले. आता ती प्रत्येक सूचना वाचते, जेवणाच्या सुट्टीत गेटवर मोठ्याने सांगते, मगच ज्याचा त्याला फोन देते; ‘पढ़ लिया’ ज्याने त्याने दाबायचं. गुढियारी संध्याकाळपर्यंत लालच. साहेबांनी विचारलं, “इनको क्या हो गया?” मी म्हटलं, “सर, पढ़ रहे हैं.” त्यांना ते पटलं नाही.

परवा मावशीचा फोन आला. “बाई, सेफ्टीचे जोडे घालणं सक्तीचं आहे म्हणून लिहिलं तू. घालतो न. जोडे कुठी हाय?”

मी चौकशी केली. खोकी आमच्याच जिन्याखाली पडून होती, वर कोणीतरी दिवाळीची तोरणं टाकलेली. दुपारी गुढियारीच्या गाडीत सगळी चढवली; त्याची सूचना मात्र पाठवली नाही.