धोंड्याचं वाण

आजाऱ्याचं अभिनंदन करणारा माणूस जगात एकच झाला, आणि तो नेमका दाजी म्हणून आमच्या वाट्याला आला. दाजी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर संशोधन करत. दुसऱ्या विषयावर बोलतील तर शपथ! आमच्या माण गावी सासुरवाडीला आले की चहाच्या आधी, गळू कुणाला झालंय ते विचारत. शेजारचे तात्या तापानं फणफणले होते, तर हे उशाशी बसून म्हणाले, "वा! पेशी कामाला लागल्या!" तात्या कण्हले, "मी मरतुया, आन् ह्यास्नी पेढं वाटायची घाई."

जंतूंचं विष लागलं की पांढऱ्या पेशी एक द्रव सोडतात आणि त्या द्रवानं नव्या पेशी वाढीला लागतात, एवढंच दाजींना काचेच्या बशीत दाखवायचं होतं. दोन वर्षं बशी कोरीच राहिली. प्रयोगशाळेतल्या सगळ्यांचं रक्त घेऊन झालं. शेवटी साहेबांनी बजावलं, "आता एकदाच. नाहीतर प्रबंध विसरा."

तेवढ्यात धोंड्याचा महिना आला. आईनं अनारसे तळले, जावयासाठी चांदीचं निरांजन आणलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "जावईबापू, आनखी काय पायजेल?" दाजींनी पिशवीतून उकळून आणलेली सिरिंज काढली. "थोडं रक्त द्याल?"

जावई सासऱ्याचं रक्त पितो हे गावाला ठाऊक होतं. सासूकडं मागून नेणारा हा पहिलाच! ताई तर रडायलाच लागली. पण सुई बघून पळणाऱ्या आईनं चक्क हात पुढं केला. "घ्या. लेक दिली, त्याम्होरं ह्ये काय लई हाय व्हय?" रक्ताची बाटली मांडीवर धरून दाजी एसटीनं पुण्याला गेले. अनारसे इथंच राहिले.

दहा-बारा दिवसांनी ते ओरडतच दारात आले. आईच्या पेशींना विष लावून मिळालेला द्रव ज्या बशीत घातला, तिच्यात नव्या पेशींचे पुंजके धरले होते. आईनं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी इख लागल्यावर रडत न्हाई बसल्या. आनखी मानसं हाकारली."

"अगदी!"

"मग माज्याच हायेत."

प्रबंधाची पहिली प्रत दाजींनी आईच्या मांडीवर आणून ठेवली. तिला अक्षरओळख नव्हती. त्यांनी दाखवलेल्या ओळीवर बोट ठेवून तिनं विचारलं, "हितं माजं नाव हाय?"

मी डोकावलो. इंग्रजीत 'एक निरोगी स्त्री' एवढंच छापलं होतं. नाव छापायचा रिवाज नव्हता म्हणे.

"हाय," दाजी आमच्याच बोलीत म्हणाले, "समदं तुमचंच हाय."

दाजींना खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं. आईनं पदरानं बोट पुसलं आणि ती ओळ पुन्हा एकदा चाचपली. आता आई नाही. ती प्रत माझ्याकडे असते, आणि ती ओळ मी अजून आईच्याच नावानं वाचतो.