कागदाची सुई

मशीनवाली मावशी बोथट झालेली सुई फेकत नसे. तिच्या बुडाला लाल नेलपॉलिश लावून आगपेटीत ठेवी, आणि कोणी हात लावला की खेकसे, "ते कागदाची हाय! कपड्याले लावशीन तं धागे ओढन."

खुर्सीपार या पोलाद कारखान्यालगतच्या हिंदी मुलखातल्या वस्तीत, आमच्या मराठी गल्लीत ती सगळ्यांचे ब्लाऊज शिवायची, पण जीव तिचा कागदात. जुन्या कॅलेंडरची पाकिटं, लग्नपत्रिकांचे खिसे. टाका लांब ठेवायची आणि शेवटी मशीन उलटी कधीच फिरवायची नाही. तसं केलं की भोकं जवळ येतात आणि कागद पोस्टाच्या तिकिटासारखा फाटतो. दोरे मागे ओढून हातानं गाठ मारायची. "कपडा माफ करते, पोरी. कागदाले टोचलं का भोक रायते."

आठवीत शाळेनं स्क्रॅपबुक करायला सांगितली तेव्हा मी वही घेऊन तिच्याकडेच पळाले. धानाच्या लोंब्या, वाळलेली पानं, बियांचे खिसे, सगळं तिनं पानांवर शिवून दिलं. आठ दिवस गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या. शेवटच्या पानाशी थबकली आणि लाजत म्हणाली, "माहं नाव काढून दे ना वं पेन्सिलनं. बारीकसं."

तिला नाव आहे हे मला तेव्हा कळलं. शेवंता. मी लिहिलं. तिनं चाक हातानं फिरवत, पान वळवत वळवत, काळ्या दोऱ्यानं ते शिवलं आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी वर्गातल्या, कारखान्याच्या साहेबलोकांच्या टाऊनशिपमध्ये राहणाऱ्या एका मुलीनं विचारलं, "ये शेवंता कौन है?"

"कोई नहीं," मी म्हणाले.

घरी येऊन ब्लेडनं एकेक टाका उसवला आणि पेन्सिल खोडली. हे लिहिताना आजही कान तापतात. मला कोणी भाग पाडलं नव्हतं. ब्लाऊज शिवणाऱ्या बाईचं नाव माझ्या वहीत मला नको होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून शाळेत हजर. मी न बोलावता! टेबलाशी येऊन तिनं थेट शेवटचं पान उघडलं. भोकांवरून बोट फिरवलं.

"दोरा तुटला का वं?"

"हो."

"माहाच टाका ढिला पडला असन," ती म्हणाली आणि पुढच्या टेबलाकडे गेली. मला बक्षीस मिळालं. टाळ्या वाजवणाऱ्यांत ती होती.

पुढे मावशीच्या नवऱ्याचं ठेकेदारीतलं काम सुटलं आणि दोघं भंडाऱ्याकडे गावी निघाली. मी सगळं सांगून टाकायचं ठरवून ऑटोपाशी गेले. तिनं माझ्या हातात ती सुयांची आगपेटी ठेवली आणि मी "सांभाळून जा" एवढंच म्हणाले. दोन वर्षांपूर्वी ती वारल्याचं कळलं. माफी मागायची राहून गेली ती गेलीच.

परवा माझ्या लेकीनं ती वही कपाटातून ओढून काढली. शेवटचं पान तिनं खिडकीकडे धरलं. भोकांतून उजेड आला. ती एकेक अक्षर लावत म्हणाली, "आई, शेवंता कोण?"

मी आगपेटी शोधली, मशीनला लाल बुडाची सुई लावली आणि लेकीला शेजारी बसवलं. पहिल्या भोकात सुई उतरवली आणि सांगायला लागले. सगळं सांगितलं, ब्लेडसकट.