विनाथांबा, पंधरा तास

बाबा एसटीत कंट्रोलर होते. पैठणच्या स्टँडवर गाड्या पुकारण्यात सगळी नोकरी सरली, आणि निवृत्त होऊन संभाजीनगरला राहायला आले तरी डोक्यातलं वेळापत्रक काही उतरलं नाही. लग्नानंतर मी शिकागोला निघाले तेव्हा आई रडत होती आणि बाबांची चौकशी वेगळीच.

"किती लांब हाय?"

"बारा हजार किलोमीटर."

आईकडे बघून मी घाईघाईनं म्हणाले, "पण वेळ काही फार नाही लागत. दिल्लीपर्यंत पंधरा तास."

"मधी थांबे?"

"एकपण नाय. विनाथांबा."

बाबांचा चेहरा खुलला. "म्हंजी नागपूरची रातराणी, जरा लेट," ते आईला म्हणाले. "रडती कशाला?"

"तुमच्या गाड्या कधी येळंवर आल्यात व्हय?" आईनं पदरानं डोळे पुसत टोमणा मारला. सगळेच हसलो.

मी गेल्यावर त्यांनी फोनच्या वर भिंतीला एक कागद चिकटवला, स्टँडवरच्या फळ्यासारखा: शिकागो – विनाथांबा – १५ तास. तीन तास आधीची हजेरी, दिल्लीत ताटकळणं, तिथून संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाचं दुसरं विमान, आणि मुळात तिकीट मिळेल तेव्हाच निघता येतं ही साधी गोष्ट, यातलं काहीच मी सांगितलं नव्हतं. खोटं तर बोलले नाही ना, अशी स्वतःची समजूत मी पुढं बरीच वर्षं घालत राहिले.

एका हिवाळ्यात आई आजारी पडली. बाबांनी आठवडाभर मला कळवलंच नाही. पोरगी पंधरा तासांवर तर आहे, उगाच कशाला घाबरवायचं, हा त्यांचा हिशेब. मग भारतातल्या सकाळी सातला त्यांचा फोन आला, "ये आता." मी म्हणाले, "निघालेच." तिकीट मिळालं ते दुसऱ्या दिवशीचं. ते सांगायला पुन्हा फोन करायचा मला धीर झाला नाही.

तासाभरातच आई गेली. पुढचं मला चुलतभावानं सांगितलं. बाबांनी बर्फाच्या लाद्या मागवल्या आणि जमलेल्यांना बजावलं, "पोरगी निघालीय. रात्री धाला दिल्ली, सकाळी घरी. थांबायचं." मला फोनही लावू देईनात. "विमानात असंल ती," म्हणाले. सकाळी उन्हं वर आली. "जरा लेट असंल," म्हणत त्यांनी आणखी दोन तास सगळ्यांना धरून ठेवलं. मग मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि स्वतःच म्हणाले, "उचला." थोड्या वेळानं मी शिकागोच्या विमानतळावरून घरी फोन लावला. तो घ्यायला घरात कुणी नव्हतं.

मी तिसऱ्या दिवशी पोचले. बाबा दारातच बसले होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "कुठं अडकली गाडी?"

खरं सांगायची वेळ तीच होती. पण माझ्या एका शब्दावर हा माणूस सगळ्या भावकीपुढं अडून राहिला होता.

"दिल्लीत धुकं होतं, बाबा."

त्यांनी मान हलवली. उठले, पेन शोधलं आणि भिंतीवरच्या त्या कागदावर खाली बारीक अक्षरात लिहिलं: धुक्यामुळे उशीर.

आता बाबाही नाहीत. कागद माझ्याकडे आहे. दिल्लीत त्या दिवशी लख्ख ऊन होतं.